एकेचाळीस नंबरला

आधी तुझी माफी मागते,
मग बाकीचं.

दुधाळ पाण्यात मी तुला सोडायचे
आणि घड्याळ लावायचे : साठ सेकंद.
पाण्याखाली कुठेतरी एक चौथरा, बोटभर खोल,
दिसत नाही, आठवावा लागतो.
बाकीच्यांना आठवायचा.
तू काठाकाठानं पोहत राहायचास, तिसऱ्या दिवशीही, आठव्याही,
कारण तुझ्या पिण्याच्या बाटलीत शिसं मीच घालत होते,
मोजून, नियमात बसेल इतकंच.

नंतर तुझा मेंदू गोठवून कापला,
केसाच्या निम्म्या जाडीचे काप,
काचेवर कांद्याच्या पापुद्र्यासारखे पसरलेले.
पेशी मोजल्या. निबंध छापून आला.
अकरा जणांनी त्याचा उल्लेख केला,
त्यांतले चार आम्हीच.

डुलुथला बर्फ फुटायला लागला होता,
मोसमातलं पहिलं खनिजाचं जहाज भोंगा वाजवत बंदरात शिरलं,
त्या दिवशी मी पश्चिमेकडच्या एका शाळेत गेले होते
मेंढीचा मेंदू डब्यात घालून, मुलांना दाखवायला.
इझ्रा नावाच्या मुलानं एकच प्रश्न तीनदा विचारला.
तीनदा मी तेच उत्तर दिलं.
चौथ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा शिक्षिका हळूच म्हणाली,
त्यांच्या गल्लीतले पाइप अजून शिशाचेच आहेत.
तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं.
पण मधल्या सुट्टीत मुलं नळावर ओणवी झाली
आणि मला तू दिसलास,
काठाकाठानं.

हाल्व्हर्सन सर म्हणाले, पाइप हा आपला विषय नाही,
हात दाखवून अवलक्षण कशाला, अनुदानाचं वर्ष आहे.
खरंच होतं त्यांचं.
माझ्या कराराचे सोळा महिने उरले होते
आणि गाडीचा हीटर बंद.

सेंट पॉलला समितीपुढे बोलायला दोन मिनिटं मिळाली.
म्हणजे तुझ्या दुप्पट.
संगमरवरी जिने, सगळे सारखे.
बुटांतून वितळलेलं पाणी ठिबकवत
मी भिंतीभिंतीनं फिरत राहिले,
शेवटी लव्हॉन नावाच्या कारकूनबाईंनी कोपराला धरून
दाराशी नेऊन उभं केलं.
(ज्याला चौथरा सापडत नाही त्याला
मीही असंच हातानं नेऊन बसवायचे.
पंधरा सेकंद. मग टॉवेल.)

माझ्याआधी ऑर्विल टॉर्सन, चाळीस वर्षं प्लंबर.
त्यानं जुन्या पाइपचा तुकडा टेबलावर ठेवला. ठक्.
तेराही माना वर झाल्या.
माझ्याकडे एकोणीस आलेख होते.
पिवळा दिवा लागला तेव्हा मी अजून प्रयोगाच्या पद्धतीवरच.
मग कागद उलटे ठेवले
आणि तुझ्याबद्दल सांगितलं.

एका आमदारानं विचारलं, पण बाई, उंदीर म्हणजे मूल नव्हे ना?
नव्हे, मी म्हटलं.
मुलांवर हा प्रयोग करायची आम्हाला परवानगी नाही.
कुणीतरी खोकलं.
तुम्हाला आहे वाटतं, हे जिभेवर आलं होतं.
गिळलं.
लाल दिवा.

विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेलं. सात विरुद्ध सहा.

परतताना हिंक्लीच्या पेट्रोलपंपावर ऑर्विल भेटला.
कॉफी त्यानं पाजली,
आणि तो तुकडा माझ्या कोटाच्या खिशात टाकला.
माझे गुडघे गेलेत, म्हणाला, तू परत जाशील.
घरापर्यंत कोट एका बाजूला ओढत राहिला.

आज नवे चोवीस आलेत, साठपासून पुढचे.
पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावल्या, बाटल्या भरल्या.
हौद रिकामा आहे अजून.
सरांना काय सांगायचं, तेही ठरलेलं नाही.

लव्हॉनला फोन केला होता.
तिसरा जिना, डावीकडे वळायचं, पाण्याच्या नळापाशी दार.

लिहून ठेवलं नाही.